भुरीचं वेगळं भांडं

ज्यांच्या घरातलं जनावर आज ताटाकडे पाठ करून बसलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं इथे मिळणार नाहीत. ती डॉक्टरांकडून घ्या, आणि आजच घ्या. "उद्या सकाळी बघू" म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याचं ऐकू नका. मला बाकीचं सांगायचं आहे. त्या दिवसांत घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, आणि वेळ कसा पातळ होऊन वाहायला लागतो, ते.

कापसाची खोली

आमचं घर नाचणगावात आहे, पुलगावला अगदी लागून. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत कापूस असतो. वेचून आणलेला, विकला जाईपर्यंत तिथेच रचलेला, छताच्या फाट्यांना टेकेल इतका. त्या दिवसांत घराचा आवाज बदलतो. मोठ्याने बोललेलं कापसात मुरून जातं. दुपारचं ऊन दारातून आत आलं की हवेत तंतू तरंगतात, आणि खोलीत कोणीतरी मोठं, शांत, झोपलेलं आहे असं वाटत राहतं.

त्या ढिगाच्या पायथ्याशी भुरी झोपायची. तिचे केस कापसात जातात म्हणून बाबा ओरडायचे. ओरडून झालं की स्वतःच तिच्या अंगाखाली जुनी चादर सरकवायचे.

भुरी म्हणजे गावातली साधी कुत्री. मातकट रंग, एक कान उभा, एक पडलेला. बाबा एकदा पुलगावच्या बाजारात पत्रकं वाटायला गेले होते, तेव्हा ती पिल्लू होती आणि त्यांच्या मागे मागे घरापर्यंत चालत आली. बाबांचं म्हणणं असं, की त्या दिवशी शेवटपर्यंत थांबलेला श्रोता म्हणजे ती एकटीच होती.

बाबा शेती करतात आणि पत्रकं काढतात. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, आणि सगळ्यात जास्त जातीविरुद्ध. मी अक्षरं त्या पत्रकांवरूनच शिकले. माझं समता हे नावही एका मथळ्यातून आलेलं आहे. आता मी पुलगावला एका टाइपसेटिंगच्या दुकानात बसते, बाबांची पत्रकं जुळवते, आणि निम्मी मीच लिहिते. आमच्या घरातली भांडणंसुद्धा मुद्द्यांवर होतात, असं आई म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

पऱ्हाट्यांच्या मागे

एका सकाळी भुरी हाकेला आली नाही. परसात कापसाच्या झाडांच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे, त्याच्या मागे ती जमिनीला पोट चिकटवून पडली होती. आईने आधी पाहिलं.

"समे, इकडं ये वं. हिनं कायतरी सडकं खाल्लं. पाण्यासारखं होऊन राह्यलं, अन् रगत हाय त्यात."

मी खाली बसले. भुरीने डोळे वर केले, शेपटीचं टोक हललं, बाकी काही हललं नाही. तिच्या पोटावर हात ठेवला तर ते चुलीजवळच्या भिंतीसारखं गरम होतं.

भिंतीपलीकडून शेजारच्या वच्छलाकाकूंनी डोकावून पाहिलं. "पाणी पेते का पाहा. पेत नसन तं पिसाळली समजा. बांधून टाका नाई तं सोडून या नदीकडं."

"वहिनी, पिसाळण्याचा अन् याचा काई संबंध नाई," बाबा म्हणाले. "रेबीजवर आपलं पत्रक आहे ना."

"मी वाचलं जी तुमचं पत्रक. तिनं वाचलं काय?"

आई हसली. मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी एकच समजत होतं. भुरी मरू शकते, आणि मरायच्या आत गाव तिला हाकलू शकतं. तिथून पुढचे सगळे दिवस माझ्या मनात हेच दोन विचार होते, एकमेकांवर सावलीसारखे पडलेले.

लोखंडी टेबल

कापूस बांधायच्या चादरीत भुरीला गुंडाळलं. बाबांनी गाडी चालवली, मी मागे तिला मांडीवर घेऊन बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या आणि शेतं पांढरी होती. सगळं फार हळू मागे जात होतं. भुरीच्या तोंडाला आंबूस वास येत होता, आणि मी तिच्या कानात काहीतरी सांगत होते. काय, ते आता आठवत नाही.

जनावरांच्या दवाखान्यात एक शेळी आणि एक लंगडणारी गाय आमच्या आधी होती. डॉक्टर मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असाव्यात. त्यांनी भुरीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी परत खाली बसली नाही, उभी राहिली, तंबूसारखी.

"अंगातलं पाणी गेलंय," त्या म्हणाल्या आणि सलाइन शोधायला वळल्या.

मी येता येता मोबाइलवर वाचलेलं सगळं एका दमात विचारायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लस दिली होती?"

"हो."

"वेळच्या वेळी?"

"हो."

"मग तो फोन पिशवीत ठेवा आणि हिचा पाय धरा. आतड्यात जिवाणूंची लागण दिसते. मेलेलं काही खाल्लं असेल, नाल्याचं पाणी प्यायली असेल. मी नमुना तपासायला पाठवते. तोवर थांबायचं नाही, औषध आजच सुरू."

"वाचेल का?"

"पोटात पाणी टिकलं तर वाचेल. आज उद्या फक्त तेच बघायचं."

नळीतून थेंब पडायला लागले. मी थेंबांकडे पाहत राहिले. तुम्हीही पाहाल. त्या वेळी जगात दुसरं काही नसतं, एक थेंब लोंबतो, सुटतो, दुसरा भरायला लागतो, आणि वाटतं की हे चालू आहे तोवर काही वाईट होणार नाही.

निघताना मॅडमनी सूचना दिल्या. "हिचं भांडं वेगळं ठेवा. घरात न घेता हिला वेगळी जागा करा. ही लागण माणसाला होते, हातातून तोंडात जाते. साबण लावून हात धुवा, जागा ब्लीचिंगने धुवा. कळलं ना काका?"

बाबांनी औषधांची पिशवी उचलली. गाडीवर बसल्यावर ते म्हणाले, "वेगळं म्हणे."

घराचा नियम

हे कळायला आमचं घर कळायला हवं.

माझ्या आजोबांच्या तरुणपणी आमच्या ओसरीच्या बाहेर, खांबाच्या खाचेत, दांडा तुटलेल्या कपबश्या असायच्या. शेतावर येणाऱ्या ज्या माणसांना घरात घेत नसत, त्यांच्यासाठी. त्यांनी त्या स्वतः काढायच्या, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः धुऊन परत ठेवायच्या. एक दिवस आजोबांनी त्या अंगणात आपटून फोडल्या आणि सगळ्यांना आत जेवायला बसवलं. नातेवाइकांनी येणं सोडलं. आजोबांनी त्यावर नियम केला, की या घरात आता कोणाचंच भांडं वेगळं असणार नाही. तो नियम बाबांनी वाढवत नेला. कोणाचंच म्हणजे कोणाचंच. भुरी आली तेव्हा तिलाही घरातल्याच स्टीलच्या ताटल्यांतून जेवण मिळालं. ज्याचं शेवटी उरकेल त्याच्या ताटलीत तिचा भात, आणि मग ती ताटली बाकीच्यांबरोबर राखेने घासायची. गाव हसायचं. काही लोक आमच्याकडे पाणीही प्यायचे नाहीत. बाबांना त्यात विजय वाटायचा.

त्यामुळे आईने त्या संध्याकाळी भुरीसमोर मातीचं भांडं ठेवलं तेव्हा बाबांनी ते उचलून भिंतीवर ठेवलं.

"आज कुत्रीचं वेगळं. उद्या कोनाचं?"

"उद्या कोनाचंच नाई," आई म्हणाली. "उद्या भांडे मलेच घासाचे हायेत."

"प्रश्न भांड्याचा नाई."

"भांड्याचाच हाय. डाक्टरीनबाई भांड्याचंच बोलली."

"बाबांचं बरोबर आहे," मी म्हटलं. मुद्दा मला सरळ दिसत होता. आजारी आहे म्हणून दूर करा, हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत खोडून काढलं होतं. आईने आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि भांडी घासायला साबण जरा जास्त घेतला. तेवढंच तिच्या हातात होतं.

भुरी कापसाच्या खोलीतच राहिली. रोज दवाखाना, रोज सलाइन. मी तिच्या गालाच्या कोपऱ्यातून मीठ-साखरेचं पाणी पिचकारीने सोडायचे, ती डोळे मिटून गिळायची. मी तिच्याजवळच जेवायचे, तिच्याजवळच झोपायचे. ताप उतरला. एकदा तिने स्वतःहून पाणी चाटलं. बाहेर वेचणीच्या बाया परतताना गात होत्या, आणि मला वाटलं, झालं, आपण निभावलं.

पाण्याखाली

मग मी पडले.

पोटात पीळ पडायचा तो असा, की कोणी आतून कपडे पिळत आहे. अंगात ताप भरला तेव्हा कापसाचा ढीग हलायला लागला. ढीग म्हणजे नदी होती, आमची वर्धा नदी, पण पांढरी, आणि तिच्यात मी आणि भुरी खोल चाललो होतो. पाण्याखाली कोणालाच तहान लागत नव्हती. भुरी पुढे पोहत होती. तिचे दोन्ही कान उभे होते. मी तिला विचारलं, आपण कुठे चाललो? ती म्हणाली, वाच ना, लिहिलंय. आणि नदीच्या तळावर खरंच अक्षरं होती, पण सगळी उलटी, छपाईच्या खिळ्यांसारखी.

जाग आली ती वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. हाताला नळी, वर लोंबणारी बाटली. थेंब पुन्हा तेच. फक्त आता मी या टोकाला होते.

वॉर्डाचे दिवस सांगण्यासारखे नाहीत आणि विसरण्यासारखेही नाहीत. पहाटे फिनेलचा वास. मग नर्सबाईंचा प्रश्न, संपूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असा, "समता, कितीदा झाली?" पहिल्या दिवशी मी लाजले. नंतर मी आकडा असा सांगायला लागले, जणू निवडणुकीचा निकाल. लाज ही तापाबरोबर उतरणारी गोष्ट आहे, हे मला तिथे कळलं.

शेजारच्या खाटेवर आष्टीकडची एक म्हातारी होती. लेकाने तिच्यासाठी संत्र्यांची पिशवी आणून ठेवली होती. ती जिव्हाळ्याने बोलायची.

"तुले काय झालं वं पोरी?"

"कुत्रीपासून लागण झाली, आजी."

"चावली?"

"नाही. जेवणातून."

"जेवनातून कशी?"

"आम्ही एकाच ताटलीत... म्हणजे घासून, पण तेच."

मग तिने आमच्या दोघींच्या मधल्या कपाटावरचा तिचा तांब्या उचलला आणि पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवला.

मी अस्पृश्यतेवर किती लिहिलं असेल. पानंच्या पानं, ठळक अक्षरांत. माझ्यापासून कोणी तांब्या सरकवला तो आयुष्यात पहिल्यांदा. काय होतं ते सांगते. राग येत नाही. आपण आपल्याच हातांकडे पाहायला लागतो.

दुसऱ्या दिवशी तिने संत्रं सोललं. माझ्याकडे पाहिलं, मन घट्ट केलं, आणि एक फोड धरून म्हणाली, "हात कर." मी हात पुढे केला. तिने ती फोड वरून सोडली. बोटाला बोट लागू दिलं नाही. मला बाहेरचं खायला मनाई होती, तरी मी खाल्ली. गोड होती. तिचं दूर राहणंही खरं होतं आणि तिची मायाही खरी होती, आणि हे दोन्ही एका वाक्यात कसं लिहायचं ते मला कोणत्याही पत्रकाने शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. खाटेच्या पायाशी उभे राहिले, दांडा धरून.

"भुरी?" मी विचारलं.

"सपरीत हाय. रिपोर्ट आला. तुले जे झालं तेच तिले." ते थांबले. "तुह्या आईनं मातीचं भांडं ठेवलं. मी काई बोललो नाई."

बाबा काही बोलले नाहीत, हे त्यांनी स्वतः सांगावं, एवढं ते खचले होते.

"मग बरी होतेय ना?"

"जेवत नाई," बाबा म्हणाले.

सपरी

सपरी म्हणजे अंगणाच्या पलीकडे, नांगर-डवरे आणि फवारणीचा पंप ठेवायची टिनाची पडवी. मला घरी आणलं तेव्हा माझी खाट कापसाच्या खोलीत, खिडकीशी टाकली. तिथून सपरी समोर दिसायची. माझाही नमुना स्वच्छ येईपर्यंत भुरीला हात लावायचा नव्हता, आणि तिने माझ्याकडे यायचं नव्हतं.

ती दोराने बांधलेली होती आणि भिंतीकडे तोंड करून बसली होती. मातीच्या भांड्यात पेज होती, तिच्यावर साय धरलेली. मी खिडकीतून हाक मारली. पडलेला कान किंचित हलला. तिने तोंड वळवलं नाही. आपल्याला का उठवून बाहेर नेलं, हे तिला कोणी कोणत्या भाषेत सांगणार होतं?

डॉक्टर मॅडम घरी येऊन गेल्या. "आतडी सुधारतायत," त्या म्हणाल्या. "पण हिने मन काढून घेतलंय. पायाच्या शिरा आता नळी घेत नाहीत. मी सलाइनवर अजून फार ओढू शकत नाही. हिने स्वतः खाल्लं पाहिजे."

त्या गेल्यावर बाबा अंगणात उभे होते. आई दारात बसून कापसातली किडकी कवडी आणि पाचोळा निवडत होती.

"तिले घरात घेऊ," बाबा म्हणाले. "ती एकटेपनानं मरून राह्यली."

"घरात घेतली तं पोरगी परत पडन."

"मंग तिले मरू द्याव?"

आईने हातातली कवडी बाजूला टाकली. "इतके पत्रकं काढले तुमी. एक गोष्ट त्यात कधी आली नाई."

"कोनती?"

"बाहेर बसलेल्या बाईले काय पाह्यजे असते, थे."

बाबा तिच्याकडे वळले. मीही उठून बसले.

"रोहण्याले, माया माहेरी, मले महिन्याचे दिवस सपरीत काढा लागे," आई म्हणाली. "असीच टिनाची होती. थाळी येगळी, गोधडी येगळी. मायी आजी रोज दुपारी येऊन बाजूले बसे. शिवे नाई. पन बसे. सुपारी कातरे अन् गावाच्या साऱ्या गोष्टी सांगे. मले थ्या सपरीचा अजून राग हाय. आजीचा नाई."

"म्हंजे तू त्या प्रथेचं समर्थन..."

"समर्थन नाई करून राह्यली. खाट उचला म्हनून राह्यली."

बाबांनी ओसरीवरची आपली खाट खांद्यावर घेतली आणि अंगण ओलांडलं.

आईने व्यवस्था लावून दिली. दारात साबण आणि पाण्याची बादली. सपरीत घालायची लुंगी निराळी, घरात यायच्या आधी ती बाहेरच भिजवायची. भांड्याला हात लावला की हात धुवायचे, खोटं बोलायचं नाही. बाबांनी सगळं ऐकलं. भुरीच्या तोंडापासून हातभर दूर खाट टाकून ते बसले, आणि मग त्यांना काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी खिशातून नव्या पत्रकाचं प्रूफ काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

भिंतीवर वच्छलाकाकू आल्याच. "भाऊ, कुत्रीले भाषण चालू हाय काय?"

"हो वहिनी. निदान मधातून उठून जात नाई."

"बांधून ठेवल्यावर कशी जाईन?"

खिडकीतून मी हसले, पोटात दुखेपर्यंत.

पत्रक संपलं. दुसरं संपलं. मग बाबांजवळ वाचायला काही उरलं नाही, आणि ते नुसतं बोलायला लागले. त्या दुपारी मला ताप नव्हता, पण अशक्तपणामुळे डोळे सारखे मिटायचे, आणि त्यांचा आवाज अंगण ओलांडून कापसात येऊन मुरायचा. ते भुरीला त्यांच्या लहानपणच्या एका बैलाबद्दल सांगत होते, जो फक्त उजव्या बाजूने चालायचा. शाळेत मार खाल्ल्याचं सांगत होते. लोक पत्रकं घेतात आणि बाजाराच्या टोकाला टाकून देतात, ती परत गोळा करून आणायची लाज वाटते, हे सांगत होते. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा मी गाडीची किल्ली शोधत घरभर फिरत होतो आणि किल्ली हातातच होती, हे सांगत होते. यातलं मला त्यांनी कधीच काही सांगितलेलं नव्हतं. मी झोपेत होते की जागी, नक्की सांगता येणार नाही. ऊन सपरीच्या टिनावरून उतरून अंगणात आलं आणि तिथेच बसून राहिलं.

कधीतरी मी डोळे उघडले तेव्हा भुरीचं तोंड भिंतीकडे नव्हतं. तिची हनुवटी पंजांवर होती आणि ती बाबांकडे पाहत होती.

आईने जुनी पेज फेकून ताजी ओतली आणि मागे सरकली. बाबांना तिने खुणेने सांगितलं, बोलत राहा. बाबा बैलाकडे परत गेले. भुरीने मान लांब केली, वास घेतला, थांबली. मग तिच्या जिभेचा आवाज आला. लप, लप, लप. बाबा बोलतच राहिले, फक्त बैल एकाच वळणावर पुन्हा पुन्हा यायला लागला.

एवढं करा

पत्रक लिहायची सवय आहे, म्हणून हे इथे सरळ लिहिते.

भांडं वेगळं करा. लागलीच करा. साबणाला तत्त्व नसतं, तो सगळ्यांचे हात सारखेच धुतो. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई असेल तर अंतर आणखी काटेकोर पाळा. आणि ज्याला बाहेर ठेवलं आहे त्याच्याजवळ कोणाला तरी बसवा. ज्याचे पाय तिथे टिकतील त्याला. आपल्या लोकांनी शतकानुशतकं माणसांना बाहेर बसवलं, त्यांच्या जन्माला रोग म्हटलं, आणि त्या अंतराला कधी शेवट ठेवला नाही. म्हणून आमच्या घराला वेगळ्या भांड्याची दहशत बसली. ती दहशत प्रामाणिक आहे, मी तिला हसणार नाही. पण रोगाचं अंतर रोगाबरोबर संपलं पाहिजे, आणि ते संपवायचं काम निरोग्यांचं असतं.

बाबा अजूनही "वेगळं" हा शब्द उच्चारत नाहीत. ते "तिचं भांडं" म्हणतात.

बोलावणं

दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आले. दुपारी बाबांनी दोर सोडला.

भुरी अंगण ओलांडून आली, हळू, पाय तपासत. कापसाच्या खोलीच्या उंबरठ्याशी थांबली. मी खाटेवर उठून बसले होते. हात पुढे केला.

"ये, भुरी."

तिची शेपटी हलली. ती बाहेरच बसली.

"ये गं. आता चालतं."

"ये बेटा," बाबा मागून म्हणाले. "आता कोनी अडवत नाई."

ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली. सपरीत बाबांची खाट जेवढी दूर होती, उंबरठ्यापासून बरोबर तेवढ्या अंतरावर ती बसली होती. बाबांचा चेहरा उतरला. "शिकली," ते म्हणाले. "आपन शिकवलं अन् शिकली."

आई सुपात कापूस घेऊन आली आणि ढिगाशी बसली.

"मी लग्न होऊन आली तवा तुया आजोबानं पयल्याच दिवशी सांगतलं," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "या घरात तुले कधीबी, कुठीबी जाता येते. तरी थे दिवस आले का मी सैपाकघराच्या दाराशी थांबो. पाय उचलेच नाई. सारे बलावत. ये वं, ये वं. जितकं बलावत तितकी मी भिंतीले चिकटो."

"मग?" मी विचारलं.

"मंग साऱ्याइनं बलावनं सोडलं. आपापल्या कामाले लागले. एक दिवस चुलीवर दूध उतू चाललं होतं, कोनाचं ध्यान नव्हतं. मी गेली आत."

बाबा तिच्याकडे पाहत होते. "मले हे मालूमच नाई."

"तुमी पत्रक लिहून राह्यले होते."

बाबा तिच्याशेजारी खाली बसले, सुपातला कापूस घेतला आणि पाचोळा निवडायला लागले. त्यांना ते नीट जमत नव्हतं. आईने ते बोलून दाखवलं नाही.

मी हात मागे घेतला. माझं प्रत्येक पान लोकांना हाक मारून सुरू होतं, त्यामुळे हे मला सोपं गेलं नाही. मी आडवी झाले आणि छताकडे पाहत राहिले. दारातल्या उन्हात तंतू वर चढत होते, खाली येत होते. दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मी डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने फरशीवर नखांचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"पाहू नका," आई ओठातल्या ओठात म्हणाली.

कोणीच पाहिलं नाही. खाटेचा सुंभ कुरकुरला, आणि माझ्या पायांवर वजन आलं, पूर्वीपेक्षा हलकं.